फिल्ममधला वाचक

आमच्या ग्रंथालयात शिरलं की उजव्या हाताला, चपलांच्या कपाटाच्या वर, एक टीव्ही टांगलेला आहे. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्यावर एकच फिल्म फिरत असते. चार मिनिटांची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या मिनिटाला खिडकीपाशी बसलेला एक म्हातारा वाचक दिसतो. पांढरा सदरा, पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. तो पान उलटतो, हनुवटी वर करतो, तोंड उघडतो, ओठ हलवतो आणि परत पुस्तकात बघतो. ते माझे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

मी तिथे सूची बनवण्याचं काम करते. सुरतच्या जुन्या गावात एका ट्रस्टचं हे संशोधन ग्रंथालय आहे. हाताने लिहिलेल्या पोथ्या, बंदराची जुनी कागदपत्रं, पिवळी पडलेली गुजराती वर्तमानपत्रं. कुठल्या कपाटात काय आहे हे माझ्या डोक्यात असतं आणि तेवढ्यावरच माझी ऐट. वाचक विचाराल तर बेताचेच. दोन-चार पीएच.डी.वाले, हिवाळ्यात एखादा परदेशी पाहुणा, आणि वाचनकक्षात एसी लागल्यापासून दोन निवृत्त गृहस्थ, जे घरचंच वर्तमानपत्र घेऊन येतात आणि त्याच्याआड झोपतात.

तरी ट्रस्टींच्या मनात आलं की आपलीही फिल्म हवी. मोठमोठ्या ग्रंथालयांनी आपल्या कामाच्या छोट्या फिल्म करून इंटरनेटवर टाकल्या होत्या आणि एका ट्रस्टींच्या सुनेने त्यांना त्या दाखवल्या होत्या. नमुन्यादाखल त्या सगळ्या बघून टिपणं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पंधरा-वीस तरी पाहिल्या असतील. सगळ्या एकाच मुशीतल्या. आधी कपाटांच्या रांगा, मग उन्हाच्या तिरिपेत सोन्यासारखी तरंगणारी धूळ. त्या धुळीशी आम्ही रोज ब्रश घेऊन मारामारी करतो, आणि इथे तिची आरती! मग पांढरे हातमोजे घातलेले हात. आणि शेवटी, न चुकता, खिडकीपाशी पुस्तकात बुडालेला एक म्हातारा.

हातमोज्यांवरून माझं आणि फिल्म करणाऱ्याचं वाजलंच. जुना कागद आम्ही धुतलेल्या, कोरड्या, उघड्या हातांनी हाताळतो. मोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. मी हे त्याला दोनदा समजावलं. तो म्हणाला, "बेन, पर दिखता अच्छा है." ट्रस्टींनीही मान डोलावली. मी घातले हातमोजे. फिल्ममधले ते मोजेवाले हात माझे आहेत.

म्हाताऱ्या वाचकाच्या जागी एक निवृत्त प्राध्यापक येणार होते. शूटिंगच्या दिवशी सकाळी अकराला त्यांचा फोन आला की बीपी वाढलंय, जमणार नाही. दिवे लागलेले, कॅमेरा मांडलेला, भाडं चढतंय म्हणून फिल्मवाला कातावलेला. "कोई भी बुज़ुर्ग चलेगा, बेन. सिर्फ़ चेहरा पढ़नेवाला चाहिए." आणि मी आबांना फोन केला.

आबा माझ्याकडेच राहायचे, सुरतेतच, लिंबायतला. मूळचे आम्ही खानदेशातले. त्यांनी कडोदऱ्याला आयुष्यभर पॉवरलूम चालवले. शाळा तिसरीपर्यंत. बसच्या पाट्या मराठी आणि गुजराती दोन्ही वाचायचे, त्यापुढे नाही. मी त्या ग्रंथालयात नऊ वर्षं काम करत होते आणि त्या नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही तिथे नेलं नव्हतं. त्यांनीही कधी म्हटलं नाही की मला दाखव.

ते रिक्षातून उतरले तेव्हा मी फाटकातच उभी होते. म्हणाले, "काय करनं शे माले?" मी घाईघाईने म्हटलं, "आबा, फक्त पुस्तक घेऊन बसायचं आणि पानं उलटायची. आत मला बेन म्हणा. आपलं नातं सांगू नका. आणि बोलायचं तर अजिबात नाही."

याचं कारण सांगायला आजही जीभ जड होते, पण सांगते. मराठी माणूस म्हणजे लूमवरचा कारागीर, असं सुरतेत सरसकट धरून चालतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका सहकारी बाईंनी माझं अक्षर पाहून विचारलं होतं, "तुमचे वडील शिक्षक होते का?" मी नाही म्हटलं नाही. नुसतं हसले. त्या हसण्यावर पुढे मजल्यावर मजला चढत गेला. आमच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, वडील पहाटे उठून वाचायचे, असं लोक मला माझ्याविषयी सांगू लागले आणि मी ऐकून घेत राहिले. आता ऐन शूटिंगमध्ये आबांनी अहिराणीत तोंड उघडलं असतं तर सगळा डोलारा खाली आला असता.

आबा म्हणाले, "बरं." एवढंच. मग आवारातल्या नळाखाली त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि सदऱ्याला न पुसता तसेच हवेत धरून वाळवले. लूमवर पांढऱ्या कापडाला हात लावायच्या आधी तेलाचे हात तसेच धुवावे लागतात.

फिल्मवाल्याने त्यांना बंदरावरच्या इंग्रजी अहवालाचा एक जाडजूड खंड दिला, कारण त्याचा कागद कॅमेऱ्यात छान दिसत होता. आबांनी खिशातून जवळचा चष्मा काढला. लूमवर सुताची तुटलेली तार शोधून सांधायला लागायचा तो. मग त्यांनी पानावर सपाट तळवा फिरवला, कडेवरून अंगठा नेला, पान उजेडाकडे जरासं उचललं आणि उलटलं. कापड तपासतात तसं. पुढचं पानही तसंच. फिल्मवाला खूश. माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "देखिए, किताब से कितना प्यार है. ऐक्टर को भी नहीं आता ये."

तेवढ्यात आबांनी हनुवटी वर केली आणि त्यांचं तोंड उघडलं. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होते. मी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे डोळे वटारले. ते लगेच खाली बघायला लागले.

शूटिंग झाल्यावर सगळ्यांना चहा आला. मी आबांना तेवढाही थांबू दिला नाही, तडक रिक्षात बसवलं. संध्याकाळी घरी गेले तर त्यांनी विचारलं, "बरोबर जमनं का माले?" मी म्हटलं, हो. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी चहा घेताना, आबा बसल्या जागी कलंडले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर चांगला होता, तरुण होता, कागद भरता भरता सहज म्हणाला, "आधी काहीतरी त्रास झाला असणार. दम लागणं, छातीत भरून येणं. बोलले नाहीत का कधी?"

फिल्म तयार होऊन आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. उद्घाटनाला सगळ्यांबरोबर मी उभी राहून पाहिली. माझे मोजे दिसले, सगळे हसले. मग खिडकी आली आणि आबा आले. जिवंत. पान उलटत होते. वर बासरी वाजत होती आणि एक गुजराती आवाज ज्ञानाच्या सागरात बुडालेल्या वाचकांविषयी काही सांगत होता. फिल्मवाल्याने तो क्षण काढून टाकला नव्हता, उलट हळू करून लांबवला होता. आबांची हनुवटी वर गेली, गळ्याची शीर ताणली, तोंड उघडलं, ओठ हलले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा मनाशी वाचतोय. मला डॉक्टरचं वाक्य ऐकू आलं. बोलले नाहीत का कधी?

तेव्हापासून मला एकच प्रश्न खात राहिला. आबांना तेव्हा दम लागला होता का? छातीत दुखतंय म्हणून ते माझ्याकडे बघून सांगत होते, आणि मी त्यांना गप्प केलं का?

लोक भुताखेताच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला राग येतो. त्यांची भुतं कशी अवसेला येतात, पिंपळावर येतात. माझे वडील ऑफिसच्या वेळेत यायचे. दर चार मिनिटांनी. मी मागच्या दाराने ये-जा सुरू केली, पण सूचीच्या टेबलापाशी बासरी ऐकू यायचीच. बासरी खालच्या पट्टीत उतरली की आता खिडकी आली, हे मला न बघता कळायचं. हातातलं कार्ड तसंच राहायचं. मी मनात म्हणायचे, आता हनुवटी. आता तोंड. आता मी बोट ठेवलं. मग पुढची तीन मिनिटं काम. एकदा दिवे गेले आणि आले, टीव्ही मधूनच सुरू झाला तो नेमका त्यांच्या चेहऱ्यावर, आणि अडकला. पाऊण तास आबा उघड्या तोंडाने तिथे होते. कुणीतरी बटण दाबेपर्यंत मी बाथरूममध्ये बसून होते. तोंडावर पाणी मारत.

एका पीएच.डी.वाल्या मुलीने आमच्या चौकीदाराला विचारलं, "हे काका अजून येतात का इथे?" चौकीदार स्वभावाने विनोदी. म्हणाला, "रोज येतात. सर्वांच्या आधी येतात." ती हसली. मी वळून कपाटाकडे गेले आणि कुठलं कपाट उघडायचं होतं तेच विसरले.

यंदा नवीन ट्रस्टी आले आणि फिल्म जुनी झाली, नवी करू या, असं ठरलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. ही फिल्म उतरली की आबा काय म्हणत होते ते कधीच कळणार नाही, या विचाराने मी धास्तावले. मी जुन्या फिल्मवाल्याला गाठलं. हल्ली तो लग्नं शूट करतो. त्याने डोकं खाजवलं, दोन दिवस शोधलं आणि त्या दिवशीचं न कापलेलं सगळं शूटिंग एका पेन ड्राइव्हवर घालून दिलं. मूळ आवाजासकट. बासरीशिवाय.

मी माझ्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसले. आधी पंखा. बाहेर रिक्षाचा भोंगा. "काका, पन्ना धीरे पलटिए." मग पानांचा आवाज, आबांचा तळवा कागदावरून फिरल्याची खरखर. ती मी लगेच ओळखली, कारण तशीच खरखर माझ्या लहानपणी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला की व्हायची. मग हनुवटी वर गेली. मी आवाज पूर्ण वाढवला. तोंड उघडलं. ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. पंखा, फक्त पंखा. आणि मग एकदम कानठळ्या बसवणारा एक बायकी आवाज: "काका, बोलशो नहीं!"

माझा आवाज. मला वाटत होतं मी नुसतं बोट ठेवलं होतं. मी बोललेही होते, हे मी साफ विसरले होते. माझ्या बापाला मी काका म्हटलं होतं, गुजरातीत, आणि ते रेकॉर्ड झालं होतं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. आबांचा आवाज का नव्हता? दम लागलेला माणूस निदान श्वास तरी जोरात घेतो. मी ते पुन्हा ऐकलं, चार वेळा ऐकलं, आणि मग कळलं. आबा लूमचं बोलत होते.

एका खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, शंभर लूम चालत असतात तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून कारागीर आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, मोठे मोठे, आणि समोरचा ते वाचतो. असं ते दिवसभर गप्पा मारतात, भांडतात, एकमेकांच्या बायकांची चौकशी करतात. आबा घरीही कधी कधी तसं बोलायचे. मी सातवीत असताना ते रस्त्याच्या पलीकडून मला तसं काहीतरी सांगत होते, आणि माझ्या मैत्रिणीने विचारलं की ते मुके आहेत का. मी घरी येऊन रडारड केली. त्यानंतर ते माझ्याशी तसं कधी बोलले नाहीत आणि मला ते वाचता आलं नाही. आईला यायचं. पण ती आबांच्या आधीच गेली होती.

राहिले आप्पा. आबांच्या समोरच्या लूमवर त्यांनी सारी हयात काढली. दोघांचे चेहरे दिवसाचे बारा तास समोरासमोर. आता ते कडोदऱ्याला मुलाकडे असतात. कान पार गेलेत, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. रविवारी मी बस धरली.

आप्पा ओट्यावर ऊन खात बसले होते. मला बघून ओरडलेच. बहिरे झाल्यापासून त्यांना सगळं जग बहिरं वाटतं. "कितला दिवसमा उनी वो माय! बैस, बैस!" मीही ओरडून खुशाली विचारायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "वरडू नको. नुसतं तोंड दखाड. माले समजस."

मी टॅब काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शूटिंग लावलं. आबा दिसताच आप्पा खदखदून हसले. "हाऊ तं साहेब दिसस! चष्मा देख, चष्मा!" मग हसू ओसरलं आणि ते पडद्यावरून बोट फिरवत राहिले. आबांनी हनुवटी वर केली. आप्पांनी मला खूण केली, परत लाव. मी परत लावलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले.

मला धीर धरवेना. मी त्यांच्या समोर बसून, तोंड मोठं करून विचारलं, "आप्पा, त्यांना दम लागला होता का? छातीत दुखतंय म्हणत होते का?"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "दम? नही वो. दम लागना तं मानूस हात टेकस. याना हात देख, पानवर शे." त्यांनी आबांचा हात मला दाखवला. हात खरंच शांत होता, पानावर पसरलेला. चार वर्षांत हजार वेळा बघून मला तो दिसला नव्हता.

"मग हनुवटी का वर केली?"

"दखाडी ऱ्हायना ना! लूमवर हात मोकळा ऱ्हातस का? कोनले काय दखाडनं तं हनुवटीनंच." आप्पांनी स्वतःची हनुवटी उचलून रस्त्यापलीकडची हातगाडी दाखवली. "आनि डोळा देख. तुन्याकडे नही देखी ऱ्हायना. तो बाजूले कोन उभा व्हता?"

मी आठवलं. माझ्या डाव्या हाताला दिवा धरणारा माणूस होता. चांगला पोक्त, मिशीवाला, आबांच्याच वयाच्या जवळपासचा.

"लाइटवाला," मी म्हटलं.

"त्यालेच सांगी ऱ्हायना. हनुवटी तुन्याकडे आनि सांगस त्याले." आप्पांनी पुन्हा एकदा ते लावायला सांगितलं. या वेळी आबांच्या ओठांबरोबर ते मोठ्याने बोलले, एकेक शब्द तोडून. "'ती. मनी. आंडेर. शे.'"

मनी म्हणजे माझी. आंडेर म्हणजे लेक.

"दोनदा सांगस," आप्पा म्हणाले. "लाइटवालाले काय समजनं नही, मंग परत. 'ती उभी शे ना, ती मनी आंडेर शे.' दुसऱ्यांदा पुरं बोलना नही. मधमाच थांबना. कसाले थांबना काय माहीत."

कशाला थांबले ते मला माहीत होतं. तिथेच माझा आवाज होता. बोलायचं नाही, असं मी फाटकात बजावलं होतं, आणि आबा बोलले नव्हते. त्यांनी माझा शब्द मोडला नव्हता. एका अनोळखी माणसाला, ज्याला ही बोली येत नाही हे त्यांनाही कळत असणार, त्यांनी आवाज न करता ते सांगितलं होतं, कारण सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नव्हतं. मी आजारपणाची भीती घेऊन आले होते. ती खरी निघाली असती तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटून गेलं. आजार माझ्या हातात नव्हता.

मी रडायला लागले. आप्पांनी मला रडू दिलं. आत सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मग ते परत टॅबकडे वळले, आबांच्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी उमगत नव्हतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी मला विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"पन त्याले सांगनं कसाले पडनं? तू तठे इतला वरीसनी कामले. तठे कोनलेच माहीत नव्हतं का?"

मी खाली बघितलं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला, ओठ दिसावेत म्हणून, आणि उत्तराची वाट बघत थांबले.